दिवा बाजूनं धरा

फोटोमामांच्या लहानपणी त्यांच्या घरात माणसं चार होती आणि कमरेचा पट्टा एक. पण घर चालायचं ते पट्ट्याच्या मतानं.

आई-वडील आणि दोन भाऊ. थोरला काळा, आईच्या वळणावर गेलेला. धाकटा गोरा, वडिलांच्या. धाकट्याला एक चापट बसली की गालावर पाची बोटं अशी उमटायची, की वडिलांच्या अंगठीवरची नक्षीसुद्धा मोजून घ्यावी. मग आई हंबरडा फोडायची, शेजारीण भिंतीवर बुक्क्या मारायची, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार जिन्यात येऊन नुसतं खाकरायचे. वडील दोन दिवस मान खाली घालून फिरायचे.

थोरल्याचं तसं नव्हतं. त्याला पट्ट्यानं गुरासारखं झोडपलं तरी दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर त्याचा शर्ट वर करून बघत आणि म्हणत, "कुठं काय? ठणठणीत तर आहेस. जन्मदात्याला बदनाम करतोस?" आणि खोटं बोलल्याबद्दल आपली एक वर ठेवून देत. तीही उमटायची नाही.

वडील तापट होते, पण बिनडोक नव्हते. पुरावा राहत नाही तिथं हात मोकळा सुटतो, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. काच धाकट्यानं फोडो, दूध मांजरानं सांडो, पट्टा थोरल्याच्याच पाठीवर उतरू लागला.

त्या पाठीवर खरंच काही उमटतं का, हे बघायचं थोरल्यानं एकदा मनावर घेतलं. वयाच्या दहाव्या वर्षी, वीज गेलेली असताना, तो न्हाणीघरात आरशाकडे पाठ करून उभा राहिला. मेणबत्ती समोर धरली, तर नुसती काळी पाठ. चिडून हात खाली घेताना मेणबत्ती बाजूला गेली, आणि आरशात एकदम डोंगररांगा उभ्या राहिल्या. एक, दोन, तीन, सहा वळ. प्रत्येकाच्या एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला सावली. शेवटच्या वळाच्या टोकाला बकलाचा चौकोन.

"मला इतका आनंद झाला म्हणून सांगू," फोटोमामा मला म्हणाले होते, "की मार खाऊन हसणारं मी जगातलं पहिलं पोरगं असेन. म्हटलं, चला, मी खोटारडा नाही!"

हा मुलगा पुढं फोटोग्राफर होणार नाही तर काय होणार?

मी फोटोमामांना ओळखायला लागलो तेव्हा ते पन्नाशीला आले होते. आमचं रुग्णालय मोठं, शिकवणारं. त्यातल्या त्वचाविभागात ते फोटोग्राफर आणि मी कारकून. बुटके, रुंद, मानेच्या जागी थेट खांदे असलेले, आणि आवाज असा की "जरा डावीकडे वळा" म्हटलं तरी पेशंटनं आधी हात वर करावेत. त्यांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला. भिंतीवर करडा कपडा, पुढं फिरतं स्टूल, तीन पायांचा लोखंडी स्टँड, आणि दोरीला लटकलेली एक पुठ्ठ्याची पट्टी.

ही पट्टी म्हणजे आमच्या विभागाचा धर्मग्रंथ. नमुनापट्टी. तिच्यावर पांढरा, करडा, काळा असे चौकोन आणि शेवटी एक चौकोन 'त्वचा' या नावाचा, दुधात किंचित केशर पडल्यासारखा. नियम असा, की फ्लॅश समोरून, या त्वचेच्या चौकोनाला जुळेल इतका, आणि पट्टी फोटोत दिसलीच पाहिजे. पट्टी नसेल तो फोटो कागदपत्रांत लागत नाही. आता बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांपैकी निम्म्याहून जास्त लोक त्या चौकोनाच्या दहा पायऱ्या खाली. त्यांचा फोटो नियमानं काढला की विहिरीत डोकावल्यासारखा यायचा. विभागप्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, ते हळहळून म्हणायचे, "अरेरे, काळपट आला. मामा, हा पुसा." सरांनी विद्यार्थ्यांसाठी चारशे बारा चित्रांचं पुस्तक केलंय. त्यात सावळी-काळी माणसं नऊ. त्यातही पाच जणांचे नुसते तळपाय.

सर वाईट नाहीत हो. मुंगीला वाट देणारा माणूस. पण त्यांच्या पुस्तकावर शिकलेली पोरं गोऱ्या अंगावरचा लाल ठिपका वीस फुटांवरून ओळखायची आणि काळ्या अंगावर आग लागली तरी म्हणायची, "लाली दिसत नाही."

मामा पुसायचे नाहीत. तेच पेशंट थांबवून ठेवायचे, फ्लॅश बंद करायचे, दिवा बाजूनं धरायचे आणि स्वतःपुरता दुसरा फोटो काढायचे. वीस वर्षांत असे तीन हजार फोटो जमले होते. त्या डब्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : 'बाद'.

त्या मंगळवारी दुपारी आमच्या विभागातली शिकाऊ डॉक्टरीण धुलाईखात्यातल्या ताईंना हाताला धरून घेऊन आली. ताईंना सगळं रुग्णालय ओळखतं. रोज अडीचशे चादरी पिळणारी बाई. तिच्या हातात नारळ दिला तर सोलायला कोयता लागणार नाही. ती बाई त्या दिवशी स्टुलावर बसताना स्टुलालाच विचारून बसल्यासारखी बसली.

डॉक्टरीणबाईंच्या हातात कॅज्युअल्टीचे दोन जुने कागद होते. दोन्हींवर एकच वाक्य : 'बाह्य खुणा आढळल्या नाहीत.'

"मामा, हे तिसऱ्यांदा होणार," ती म्हणाली. "सोमवारी कोर्टात तारीख आहे. नवऱ्यानं घरात पाऊल ठेवू नये म्हणून यांनी अर्ज केलाय. आजच्या कागदावरही हेच वाक्य आलं तर अर्ज फेटाळतील. मला पाठीला हात लावल्यावर कढत लागतंय, गाठी लागतायत. पण लिहू काय? डोळ्यांना दिसत नाही. मी स्वतः यांच्याच रंगाची, आणि मलासुद्धा माझ्या कातडीवर मार कसा दिसतो ते कुणी शिकवलेलं नाही!"

"ताई, कशानं मारलं?" मामांनी विचारलं.

"पट्ट्यानं. हातानं मारलं की म्हणे त्याला लागतं." ताई इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मी फाईल चाळायला लागलो. "मामा, परत पाठवलं तर पुढच्या वेळी फोटो काढाल, पण तुम्ही 'बसा' म्हटल्यावर बसायला मी नसेन."

मामांनी कॅमेरा उचलला. आधी नियमाचा फोटो काढला, पट्टी धरून, फ्लॅश समोरून. आला विहिरीसारखा. मग फ्लॅश विझवला. खिडकीचा पडदा ओढला. दिवा हातात घेतला आणि मेणबत्ती सरकवावी तसा हळूहळू ताईंच्या पाठीच्या बाजूला नेला.

डॉक्टरीणबाई "आई गं" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

पाठ नव्हती ती, नांगरलेलं शेत होतं. नऊ वळ. जुने काळेकुट्ट, नवे फुगलेले. आणि उजव्या खांद्याखाली बकलाचा चौकोन, काटा आणि भोकासकट.

मामांचा हात कधी हलत नाही. त्या दिवशी त्यांनी स्टँड वापरला.

सतरावा फोटो निघाला आणि दार लाथेनं उघडलं. नवरा. गोरा, भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. बाहेर बाकावर बसून सगळ्यांशी "काका, पाणी हवं का" करत होता म्हणे.

"माझ्या बायकोला उघडी करून फोटो काढतोस?" म्हणाला आणि थेट कॅमेऱ्यावर झडप घातली.

मामांचा कॅमेरा हा मामांचा तिसरा डोळा. पण त्यांनी तो वाचवला नाही. त्यांनी त्यातलं नखाएवढं कार्ड काढलं आणि सुपारीसारखं गालात टाकलं. पुढच्या क्षणी कॅमेरा भिंतीवर फुटला. मग नवऱ्यानं लोखंडी स्टँड उचलला आणि मामांच्या पाठीत घातला. एकदा, दोनदा. मी मध्ये पडलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी टेबलाखाली पडलो. तिसरा, चौथा. मामा गुडघ्यावर आले. मग एक बुक्की तोंडावर, नेमकी उजव्या, कार्डाच्या गालावर. दात तुटल्याचा आवाज मला टेबलाखाली ऐकू आला. मामांनी तोंड उघडलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मी शाळेत वाक्यात वापरली होती. माणसात वापरलेली त्या दिवशी पाहिली.

पाचव्या वेळी स्टँड वर गेला तो खाली आलाच नाही. ताईंनी नवऱ्याचं मनगट धरलं होतं. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा. आणि त्यांना हातात आलेल्या वस्तूचं एकच करता येतं. त्यांनी ते पिळलं. नवरा असा किंचाळला की दोन मजले खालच्या बालविभागातली पोरं रडायची थांबली.

आता खरी गंमत ऐका, रक्त पुसून घ्या आणि ऐका. तिघांनाही कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं. नवरा : 'उजव्या मनगटावर लालभडक सूज, चार बोटांच्या स्पष्ट खुणा, पाच बाय तीन सेंटीमीटर.' सोबत फोटो, पट्टीसकट, इतका देखणा की सरांच्या पुस्तकात मुखपृष्ठावर शोभावा. ताई : 'बाह्य खुणा आढळल्या नाहीत.' फोटोमामा : 'एक दात अर्धवट तुटलेला. पाठीवर खुणा आढळल्या नाहीत. रुग्ण बोलत नाही. जबड्याचा एक्स-रे काढावा.'

एक्स-रे निघाला. गालात चौकोनी वस्तू दिसली. तेव्हा कुठं मामांनी तोंड उघडलं, कार्ड डॉक्टरीणबाईंच्या रुमालावर ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलले, "बाई, मला पालथा घाला आणि दिवा बाजूनं धरा."

नवऱ्यानं चोराच्या उलट्या बोंबा मारायला संध्याकाळसुद्धा होऊ दिली नाही. बायकोनं प्राणघातक हल्ला केला, अशी तक्रार. कागदावर बघाल तर तेच खरं होतं : एका माणसाच्या अंगावर मार आणि एका बाईच्या अंगावर काही नाही.

शुक्रवारी दुपारी मामांच्या खोलीत तीन जणांची समिती बसली : मोठे सर, कॅज्युअल्टीचे प्रमुख आणि अधीक्षिकाबाई. ताई, डॉक्टरीणबाई आणि मी भिंतीशी उभे. प्रश्न एकच, की हे सतरा फोटो ताईंच्या कागदाला जोडायचे का. जोडले तर सोमवारी कोर्टात जाणार. नाही जोडले तर ताई सोमवारी मारकुट्या ठरून त्याच घरात परत जाणार. पाठीवरचे फुगलेले वळ तोवर बसले होते. पुन्हा फोटो काढायची सोय नव्हती.

"मामा, तुमच्याबद्दल मला आदर आहे," सर म्हणाले. आमच्याकडे नकाराची सुरुवात अशीच होते. "पण पट्टी कुठंय? फ्लॅश कुठंय? आणि दिवा असा तिरका धरला तर या भिंतीवरसुद्धा वळ दिसतील. समोरचा वकील विचारेल, हा मार आहे की सावल्यांचा खेळ? मी काय सांगू?"

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. अधीक्षिकाबाईंनी पेन टोपणात घातलं.

"सर, बरोबर आहे," मामा म्हणाले. अर्ध्या दातातून शीळ येत होती. "मार बसलेला तुम्ही पाहिला नाही, म्हणून शंका. मग बसताना बघा. धाकट्या, ये रे आत."

दारातून एक गोरा, टकलू गृहस्थ आत आला. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारा, अत्यंत सभ्य. त्यानं समितीला नमस्कार केला, चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि थोरल्या भावाशेजारी स्टुलावर बसला. डॉक्टरीणबाईंनी कॅज्युअल्टीच्या कॅमेऱ्यानं दोघांच्या डाव्या गालाचे फोटो काढले. एक नियमाचा, एक बाजूच्या दिव्याचा. दोन्ही गाल दोन्ही उजेडात सपाट.

"हे काय चाललंय?" कॅज्युअल्टीचे प्रमुख म्हणाले.

"भिंतीचा फोटो झाला, साहेब," मामा म्हणाले. "आता मार. ताई, दोघांना एकेक. हात सारखा पडू द्या. ओळखीचा म्हणून हलका नको."

"मला नाही जमायचं," ताई म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी मार खाल्लाय मामा."

"मग आणखी एक खाऊ द्या की! सवय आहे."

"थांबा!" सर उठले. "हे रुग्णालय आहे!"

"म्हणूनच तर," धाकटा म्हणाला, "औषधाला लांब जायला नको. मारा हो ताई. मला नीट मारा. माझी बाकी आहे फार वर्षांची."

ताईंनी डोळे मिटले आणि मारलं. धाकट्याचा आवाज फटाक्यासारखा आला आणि तो स्टुलासकट अर्धा फिरला. लगेच थोरल्याला. तोच हात, तोच जोर. कोपऱ्यातली पाण्याची बरणी हलली, असं मी शपथेवर सांगतो, कारण ती मीच घट्ट धरून उभा होतो.

धाकट्याच्या गालावर एक एक करत पाची बोटं उगवली. लाल, कडक, करंगळीच्या पेरासकट. "अरे बापरे," अधीक्षिकाबाई कळवळल्या, "बर्फ आणा कुणीतरी!" थोरल्याकडे कुणीच बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण पाण्याला कोण खूण म्हणतं?

नियमाचा फोटो : धाकट्याचा गाल पुस्तकात घालावा असा. थोरल्याचा विहिरीत.

मग पडदा ओढला. डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला नेला. आणि त्या काळ्या गालावर पाच बोटं उभी राहिली. तीच करंगळी, तेच पेर, आणि ताईंच्या मधल्या बोटावरच्या घट्ट्याचा उंचवटासुद्धा. आधीचा सपाट फोटो शेजारीच होता.

सर जवळ गेले. मग त्यांनी उलट्या बोटांनी मामांच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"मी तीस वर्षं..." ते म्हणाले, आणि तीस वर्षांचं पुढं काय ते त्यांना सापडेना.

"सर," धाकटा गालावर बर्फ धरून म्हणाला, "आम्ही लहानपणी एका अंथरुणात झोपायचो. दादाला पट्टा बसला की आई म्हणायची, काही नाही झालेलं, झोपा. दिसायचं नाही ना. पण मी त्याच्या पाठीला पाठ लावून झोपायचो, तर पाठ भाजायची. मला माहीत होतं. आई म्हणायची काही नाही, मास्तर म्हणायचे काही नाही, आणि मी पाठीला पाठ लावून गप्प. थंडीत तर मला बरंच वाटायचं, ऊब मिळते म्हणून." एवढं बोलून तो रडायला लागला आणि बर्फ खाली पडला.

"गप रे," मामा म्हणाले. "साहेब लोक बसलेत."

अधीक्षिकाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. सतरा फोटो जोडले गेले. त्यावर सरांनी स्वतः चार ओळी लिहिल्या : पट्टी का नाही, दिवा बाजूनं का, आणि या रंगावर लाली नाही तर उंचवटा, ऊब आणि गडदपणा का शोधायचा. कॅज्युअल्टीच्या प्रमुखांनी ताईंच्या तिन्ही कागदांवरचं 'आढळल्या नाहीत' खोडलं नाही; खाली लिहिलं, 'आम्हाला बघता आल्या नाहीत.' सही करताना त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचे दिसतात.

सोमवारी कोर्टानं नवऱ्याला ताईंच्या घरापासून लांब राहायचा हुकूम दिला. पुराव्याचं बकल त्याच्या कमरेलाच होतं; तो तोच पट्टा लावून कोर्टात आला होता. फोटोतल्या चौकोनाशी मापायला काढून घेतलं तेव्हा बिचाऱ्याला एका हातानं विजार धरून उभं राहावं लागलं, आणि दुसरा हात तर गळ्यात.

पण मला आठवतो तो शुक्रवारच. समिती उठल्यावर दोघे भाऊ गेटकडे निघाले, मी मागोमाग. गेटवरचा रखवालदार धाकट्याला बघून धावत आला.

"अहो साहेब, हे काय! कुणी मारलं? नाव सांगा, आत्ता धरतो!"

धाकट्यानं त्याचा हात धरला आणि फोटोमामांच्या गालावर नेऊन ठेवला.

"याला पण मारलंय," तो म्हणाला. "आधी याला विचार."

रखवालदारानं गोंधळून मामांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याचा हात तिथंच थांबला. "मामा," तो हळूच म्हणाला, "कढत लागतंय हो. बसा. खुर्ची आणतो."

मामा बसले. रखवालदाराची ती मोडकी खुर्ची कुणालाही मिळत नाही. इतक्या वर्षांनी, भर दुपारी, फाटकात, कुणीतरी दिवा न धरता त्यांचा मार ओळखला होता. ते अर्ध्या दातानं हसले आणि म्हणाले, "अरे, एवढं काही नाही झालेलं."

"दादा," धाकटा म्हणाला, "हे वाक्य परत बोललास तर मी मारीन."